पाटीवर उर्दू चालते, पण मराठी आधी हवी

महापालिकेचं पथक शहागंज, सिटी चौकात फिरू लागलं की उर्दू पाटीवाल्या दुकानदारांना धास्ती वाटते. पण उर्दूवर बंदी नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. त्याखाली उर्दू खुशाल लिहा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावरची उर्दूसुद्धा सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०२५ रोजी कायम ठेवली.

पाटी रस्त्यावर किंवा फुटपाथवर पुढे आली असेल, तर मामला अतिक्रमणाचा. तिथे भाषेचा मुद्दा कामाला येत नाही.

पाटी उचलून नेली तर हुज्जत घालू नका. फोटो काढा, जप्तीची पावती मागा. नाही दिली तरी त्याच दिवशी झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या. दुकानाच्या नोंदणीची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. दंड भरलात तर पावती घ्याच. कारण कुणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पाटी परत मिळाली की आधी दुरुस्त करा, मगच लावा.