धारची लाट : तुटली म्हणून कळली

धार शहरातल्या लाट मशिदीला हे नाव पडलं ते तिथल्या लोखंडी स्तंभामुळे, म्हणजेच लाटेमुळे. मशीद दिलावरखानाने १४०५ साली बांधली. लाट त्याहून जुनी. अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या काळातली ती मानली जाते. आज तिचे तीन तुकडे मशिदीबाहेर दगडी चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत. पुरातत्त्व खात्याने ते १९८० साली तिथे मांडले.

तीन तुकडे मिळून लांबी सुमारे तेरा मीटर, वजन सात टनांच्या वर. नुसता सर्वांत मोठा तुकडाच २४ फूट ३ इंचांचा आहे, म्हणजे दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ अख्खा धरला तरी त्याच्याहून थोडा लांबच. हा तुकडा चौकोनी आहे. मधला तुकडा अर्ध्याहून अधिक चौकोनी राहून मग अष्टकोनी होतो, आणि शेवटचा अष्टकोनी तुकडा टोकाला गोल कड्यात संपतो.

एवढं लोखंड त्या काळी वितळवून साच्यात ओतणं शक्य नव्हतं. कोळशाच्या भट्टीतून निघे तो मळीने भरलेला, सच्छिद्र गोळा. तो लालबुंद असताना घणाने ठोकून मळी पिळून काढायची, मग एक गोळा दुसऱ्यावर ठेवून तापवून ठोकत सांधायचा. एक गोळा पंचवीस किलोचा धरला, तर या लाटेसाठी जवळजवळ तीनशे गोळे लागले असतील. एकही सांधा थंड पडून चालणार नव्हतं. म्हणजे अनेक भट्ट्या, अनेक घणकरी आणि त्या सगळ्यांना एका तालात ठेवणारा कोणी जाणता मिस्त्री हवाच.

लाटेच्या अंगावर ठिकठिकाणी लहान भोकं आहेत, पण ती आरपार गेलेली नाहीत. कानपूर आयआयटीचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांच्या मते, आडवा ठेवून घडवलेला तापलेला दांडा हलवायला आणि फिरवायला त्यांचा उपयोग होत असावा. चौकोनी आकारही अशा कामाला सोयीचा, कारण ठोकायला सपाट बाजू मिळते आणि दांडा गडगडत नाही.

लोककथेला मात्र हा सगळा खटाटोप मान्य नाही. तिच्या मते लाट म्हणजे गंगी तेलीण नावाच्या राक्षसिणीच्या तागडीची दांडी, आणि पायथ्याचे अवजड दगड ही तिची वजनं. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ म्हणणाऱ्यांना गंगीचा हा थाट ऐकून गंमत वाटेल.

लाटेवर अकबराचा १५९८ सालचा फारसी लेख आहे. दक्षिणेच्या स्वारीवर जाताना तो इथे थांबला होता. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, गुजरातच्या बहादूरशाहाला लाट आपल्याकडे न्यायची होती, पण उपटताना ती पडून मोडली. मोठा तुकडा आग्र्याला नेऊन अकबराच्या कबरीच्या प्रांगणात उभारावा आणि रात्री त्यावर दिवा लावावा, असा हुकूम जहांगीरने सोडला. लाट धारलाच राहिली.

लोखंड मोडलं कसं? त्यात फॉस्फरसचं प्रमाण बरंच आहे. त्याच्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरतो आणि गंज आत शिरत नाही. शतकानुशतकं पावसाळे झेलूनही लाट टिकली ती त्यामुळे. पण हाच फॉस्फरस थंड लोखंडाला ठिसूळ करतो. त्यात शेकडो सांधे आणि आत अडकलेली मळी. उभ्या लाटेला याने काही बिघडत नाही, कारण भार सरळ खाली उतरतो. आडव्या आघाताला मात्र असं लोखंड कच्चं ठरतं.

दिल्लीचा स्तंभ शाबूत आहे, म्हणून लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. घडणीचं कुतूहल असणाऱ्याने धारला यावं. इथे तुटलेल्या टोकांपाशी लोखंडाचा आतला भाग उघडा पडला आहे, आणि घणकऱ्यांचं काम बाहेरच्या झिलईमागे लपलेलं नाही.