एका पेनड्राइव्हवर अनेक प्रणाली : बंद पडलेल्या शालेय संगणकासाठी एक उपाय

शाळेच्या कार्यालयात कापड घालून ठेवलेला बंद संगणक हे अनेक खेड्यांतील परिचित दृश्य आहे. पुष्कळदा यंत्र मोडलेले नसते. त्यातील कार्यकारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बिघडलेली अथवा कालबाह्य झालेली असते. विंडोज १० या प्रणालीचा नियमित विनामूल्य पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवणजागा व टीपीएम २.० ही सुरक्षाचकती लागते. त्यामुळे चांगल्या स्थितीतील अनेक जुनी यंत्रे तिच्या नियमात बसत नाहीत. अशा वेळी यंत्र निकामी ठरविण्यापूर्वी, व विशेषतः त्यातील निकालपत्रके गेली असे मानण्यापूर्वी, शिक्षकाने एक साधन हाताशी ठेवणे इष्ट आहे. ते साधन म्हणजे अनेक प्रणाली असलेला पेनड्राइव्ह होय.

संगणक सुरू कसा होतो

सकाळी शिपाई शाळेचे कुलूप काढतो, सर्व काही जागच्या जागी आहे की नाही हे पाहतो आणि पुढील कारभार मुख्याध्यापकांच्या हाती सोपवितो. संगणकातही असेच घडते. कळ दाबताच मुख्य पट्टीवरील एक लहान कार्यक्रम प्रथम जागा होतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून त्यास बायोस म्हणत. अलीकडील यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या रचनेने घेतली आहे. हा कार्यक्रम स्मृती, कळफलक इत्यादींची तपासणी करतो, नंतर ठरलेल्या क्रमाने हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह वगैरे साधने धुंडाळतो आणि ज्यावर प्रणाली सापडेल त्याच्या हाती कारभार देतो. यावरून स्पष्ट होईल की, हार्ड डिस्कवरील प्रणाली बिघडली तरी पेनड्राइव्हवरील प्रणालीने संगणक चालू शकतो.

जुनी रीत व नवी रीत

प्रणाली आयएसओ नावाच्या एकसंध फाइलच्या रूपाने मिळते. रुफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर उतरविली, तर सर्वसाधारणपणे सबंध पेनड्राइव्ह त्या एकाच प्रणालीसाठी खर्ची पडतो. दुसरी प्रणाली हवी असल्यास पहिली पुसावी लागते.

२०२० साली व्हेंटॉय हे मुक्तस्रोत व विनामूल्य साधन उपलब्ध झाले. ते पेनड्राइव्हचे दोन भाग पाडते. केवळ ३२ एमबीच्या लहान भागात सुरुवातीचा कार्यक्रम राहतो. उरलेला मोठा भाग रिकामा असतो व त्यात आयएसओ फाइली नेहमीच्या फाइलींप्रमाणे ठेवावयाच्या असतात. त्या उलगडाव्या लागत नाहीत. संगणक सुरू होताना त्यांची यादी पडद्यावर येते व त्यातून हवी ती निवडता येते. मोठा भाग एक्सफॅट पद्धतीचा असतो. जुन्या फॅट ३२ पद्धतीत ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोज ११ ची फाइल त्याहून मोठी असते.

कृती

(१) ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार असल्याने तो आधी अन्यत्र उतरवून घ्यावा.

(२) व्हेंटॉय त्याच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावे व उलगडून त्यातील व्हेंटॉय-टू-डिस्क हा कार्यक्रम चालवावा. यादीतून पेनड्राइव्ह निवडताना नाव व क्षमता दोन्ही ताडून पाहावीत; दुसरी डिस्क निवडली गेल्यास तीच पुसली जाईल. कार्यक्रम दोनदा खात्री विचारतो, ती वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

(३) आयएसओ फाइली मूळ प्रकाशकाकडून घ्याव्यात. फाइलसोबत बहुधा ६४ अक्षरांकांची एसएचए-२५६ खूण दिलेली असते. उतरविलेल्या फाइलची खूण काढून तिच्याशी ताडावी. एका अक्षराचाही फरक पडल्यास फाइल अपुरी अथवा बदललेली आहे असे समजावे व ती पुन्हा घ्यावी.

(४) फाइली पेनड्राइव्हवर ठेवून तो पडद्यावरील सूचनेनेच सुरक्षित काढावा.

(५) बंद संगणकास पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे व लगेच एफ १२, एफ ९ अथवा एस्केप यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. सिक्युअर बूट चालू असल्यास पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर व्हेंटॉयच्या चावीची नोंद करावी लागते.

कोणत्या प्रणाली ठेवाव्यात

नेहमीच्या कामासाठी लिनक्स मिंट, फार जुन्या यंत्रासाठी हलकी अँटिएक्स, स्मृती तपासण्यासाठी मेमटेस्ट८६+ व डिस्कची प्रत घेण्यासाठी क्लोनझिला, एवढा संग्रह पुरेसा आहे. डेबियन ठेवल्यास तिची स्थापना करताना मराठी भाषा निवडता येते. मात्र २०२५ मधील डेबियन १३ पासून ३२-बिट यंत्रांसाठी स्थापना-फाइल मिळत नाही. विंडोजची फाइल ठेवता येते, पण त्यामुळे परवाना मिळत नाही, हे ध्यानात असावे.

निकाल वाचविण्याचे काम

लिनक्स मिंटसारखी प्रणाली हार्ड डिस्कला हात न लावता केवळ स्मृतीत चालू शकते. ती सुरू करून हार्ड डिस्कवरील फोल्डर उघडावे आणि निकालपत्रके दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची चावी लागेल. डिस्कमधून खडखड आवाज येत असल्यास यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे. वारंवार प्रयत्न केल्याने उरलेली माहितीही जाण्याचा संभव असतो. या काळात पडद्यावरील 'स्थापना करा' या चिन्हास स्पर्श करू नये, कारण पुढे 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडला गेल्यास वर्षाचे काम नाहीसे होईल. क्रम नेहमी एकच असावा : आधी माहिती वाचवावी, ती उघडून पाहावी, मगच नवी प्रणाली बसवावी. अशा रीतीने चालविलेल्या प्रणालीत केलेले काम यंत्र बंद होताच सर्वसाधारणपणे नाहीसे होते, म्हणून तेही बाहेर जतन करावे.

तयार पेनड्राइव्हवर चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवावा व जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद करावी. त्यातील फाइली वर्षातून एकदा नव्या कराव्यात. प्रत्येक शाळेस शक्य नसल्यास केंद्रात एक असला तरी काम भागेल. प्रथम प्रयोग मात्र ज्यात काहीही महत्त्वाचे नाही अशाच यंत्रावर करावा; परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणक अडला तर त्या सरावाचा खरा उपयोग होईल.