या घरात कोण राहतं?

इंग्लंडमधलं ‘केअर होम’ म्हणजे आपल्याकडचा वृद्धाश्रम नव्हे आणि रुग्णालयही नव्हे. उठणं-बसणं, आंघोळ, औषधपाणी यांसाठी रात्रंदिवस ज्यांना आधार लागतो अशी थकलेली माणसं तिथे राहायला येतात, ती बहुधा कायमचीच. रुग्णालयं एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची. केअर होम मात्र बहुतेक खासगी मालकीची. 2020च्या वसंतात कोविड या घरांत शिरला तेव्हा हा फरक जिवावर बेतला. रुग्णालयांतल्या खाटा मोकळ्या करण्यासाठी कित्येक वृद्धांना चाचणी न करताच तिकडे धाडलं गेलं. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होते, हा धोका त्या धोरणाने विचारात घेतला नव्हता, म्हणून 2022 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवलं.

त्या काळात एक साधा प्रश्न अडून बसला होता. केअर होममध्ये नेमकं कोण राहतं? एनएचएसकडे प्रत्येकाचा दहा अंकी क्रमांक असतो. रुग्णालयातला मुक्काम, चाचण्या, लस आणि शेवटी मृत्यू, सगळं त्याला जोडता येतं. पण हा माणूस घर सोडून केअर होममध्ये गेला, ही नोंद भरवशाने कुठेच होत नव्हती. डॉक्टरकडे जुना पत्ता, नवा असला तरी इमारतीचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. यादी होती ती त्या त्या घराच्या व्यवस्थापकाकडे.

वेल्समध्ये या कोड्याची तयारी आधीपासून होती. स्वान्सी विद्यापीठात 2007 पासून चालणाऱ्या ‘सेल’ या माहितीसंग्रहात नाव-पत्ता एका संस्थेकडे जातो आणि आजाराची माहिती दुसरीकडे. मधल्या संस्थेने दिलेल्या सांकेतिक क्रमांकावरून तुकडे पुन्हा जुळतात. पत्त्यालाही असाच संकेत मिळतो. त्यामुळे अमुक माणसं एकाच छपराखाली राहतात एवढं अभ्यासकाला कळतं. ती कोण, हे कळत नाही.

इंग्लंडमध्ये हे काम 2020 मध्ये ‘विवाल्डी’ या अभ्यासाने हाती घेतलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या लॉरा शॅलक्रॉस त्याच्या प्रमुख. पहिल्या टप्प्यात 5126 केअर होमच्या व्यवस्थापकांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले आणि ती उत्तरं देशभरातल्या चाचण्यांच्या निकालांशी जोडली. हाती आलेली गोष्ट औषधांच्या कपाटातली नव्हती, पगारपत्रकातली होती. जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणात पगार मिळत होता तिथल्या वृद्धांना लागण कमी. जिथे एजन्सीमार्फत आज इथे, उद्या तिथे अशी माणसं कामाला येत तिथे जास्त. त्या वर्षी कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता आठवड्याला 95.85 पौंड होता. पंचविशीपुढच्यांचं किमान वेतन तासाला 8.72 पौंड. म्हणजे आठवडाभर घरी बसलं तर जेमतेम अकरा तासांची मजुरी. अंगात कसकस असताना बाई कामावर का येत असेल, याला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही! अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे; पगार देणारी घरं इतर बाबतींतही बरी असू शकतात. तरी मला हा निष्कर्ष लसीच्या आकड्यांहून मोलाचा वाटतो, कारण निव्वळ रुग्णांच्या नोंदी चाळून तो कधीच सापडला नसता.

लसीचाही प्रश्न तातडीचा होताच. चाचण्यांत इतकी जर्जर माणसं फारशी नव्हती, आणि ब्रिटनने दोन डोसांमधलं अंतर बारा आठवड्यांपर्यंत वाढवलेलं. मग एका डोसावर यांचं काय? विवाल्डीने 310 घरांतल्या 65 वर्षांवरच्या 10,412 रहिवाशांच्या नोंदी जोडून पाहिल्या. पहिल्या डोसानंतर 35 ते 48 दिवसांच्या काळात लागणीचा धोका 62 टक्क्यांनी कमी दिसला. घरोघर जाऊन हेच शोधायचं म्हटलं असतं तर साथ केव्हाच पुढे गेली असती.

कोविड ओसरल्यावर त्याच गटाने फ्लूसारख्या नेहमीच्या संसर्गांसाठी हे काम पुढे नेलं. त्यात रहिवाशाला किंवा त्याच्या वतीने नातेवाइकाला आपली माहिती वगळायला सांगता येतं. स्मृतिभ्रंशाच्या माणसासाठी हा ‘नको’ बहुतेक वेळा दुसऱ्यालाच म्हणावा लागतो. आणि यादीतले दहा अंक बिनचूक भरायचे असतात ते मात्र केअर होममधल्याच कुणीतरी, आंघोळी आणि औषधांच्या फेऱ्या सांभाळून.