‘फिरकी’ : अर्थ आणि उपयोग

पाणीगेट हा वडोदऱ्याच्या जुन्या तटबंदीचा पूर्व दरवाजा. या परिसरात गुजराती, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा कानावर पडतात. तिन्हींत आढळणारा ‘फिरकी’ हा शब्द वर्गात शिकवताना मात्र घोटाळा करतो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार केला आहे.

मराठी ‘फिरणे’, उर्दू ‘फिरना’ व गुजराती ‘फरवुं’ ही एकाच कुळातील क्रियापदे. ‘डुबकी’, ‘डुलकी’, ‘गिरकी’ यांप्रमाणे ‘फिरकी’तही ‘की’ लागून छोटी, एका वेळची क्रिया सूचित होते. त्यावरून फिरणाऱ्या वस्तूलाही तेच नाव मिळाले. कानातल्याच्या मागची फिरकी आणि प्रवासातला फिरकीचा तांब्या ही मराठी घरातली उदाहरणे. गुजरातेत उत्तरायणाला मांजा गुंडाळतात ती फिरकी. येवल्यात तिलाच आसारी आणि नागपुरात चक्री म्हणतात. क्रिकेटमध्ये चेंडू वळवणारा तो फिरकी गोलंदाज. वडोदऱ्याचा युसूफ पठाण ऑफस्पिन टाकत असे, हे उदाहरण विद्यार्थ्यांना चटकन पटते.

अर्थ ठरतो तो सोबतच्या क्रियापदाने. ‘फिरकी घट्ट करणे’ म्हणजे मळसूत्र आवळणे. ‘फिरकी टाकणे’ म्हणजे चेंडू वळवणे. ‘फिरकी घेणे’ म्हणजे थट्टा करणे. याच घराण्यातील ‘फिरकणे’ तर बहुधा नकारातच येते. ‘तो इकडे फिरकलाच नाही’ याचा अर्थ तो आलाच नाही. उर्दू माध्यमातील विद्यार्थी येथे ‘तो वळला नाही’ असे समजला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही.

दुसरा घोटाळा लिपीचा. मराठीत ‘फिरका’ म्हणजे पंथ किंवा गट. ‘भोवरा–भोवरी’ या धर्तीवर ‘फिरका–फिरकी’ ही जोडी वाटते. परंतु दोन्हींचा संबंध नाही. ‘फिरका’ हा मूळ अरबी शब्द. उर्दूत तो ‘फे’ आणि ‘बडा क़ाफ’ यांनी लिहितात, तर ‘फिरकी’ ही ‘पे’, ‘दोचश्मी हे’ आणि साधा ‘काफ’ यांनी. देवनागरीने पुसलेला भेद उर्दू लिपी जपते. म्हणून दोन्ही शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत शेजारी लिहावेत.

‘मी भावाची फिरकी पकडली’ असे वाक्य पाणीगेटच्या मुलाच्या निबंधात आले, तर लाल रेघ ओढण्यापूर्वी अध्यापकांनी थांबावे. पतंग उडवणाऱ्यामागे फिरकी धरून उभे राहणे हा त्याचा अनुभव आहे. शब्द खोडण्याऐवजी ‘फिरकी धरली’ आणि ‘फिरकी घेतली’ यांतील फरक समासात लिहून द्यावा. घरची भाषा चुकीची ठरली की मूल लिहिणेच कमी करते. तिच्या शेजारी दुसरा अर्थ ठेवला, तर त्याची मराठी वाढते.