यंत्राने किती गाढ झोपावे?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींच्या संदेश यंत्रणेचा देशव्यापी आरंभ झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना. संदेश वाचायचा तो ब्लूटूथने जोडलेल्या मोबाइलवर. मुरबे गावची बोट दर्यात असताना त्या मोबाइलची बॅटरी किती टिकेल, हे बऱ्याच अंशी त्यातला लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, ठरवतो.

उपकरणांच्या वीजवापराच्या अवस्थांना १९९६ च्या एसीपीआय मानकाने नावे दिली: डी० म्हणजे पूर्ण जागे, डी३ म्हणजे बंद, मधल्या डी१, डी२ ऐच्छिक. लिनक्सच्या २.६.३२ आवृत्तीपासून (डिसेंबर २००९) यंत्रणा चालू असतानाच एकेक भाग झोपवण्याची सामाईक चौकट आली. वापरणारे शून्यावर आले की ठरावीक वेळ थांबून उपकरण झोपते. त्याच्यावर विसंबलेली उपकरणे जागी असतील, तर सहसा तेही जागेच राहते.

पण गाढ झोप महागही पडते. जीपीएस चिपचा पुरवठा पूर्ण तोडला, तर उपग्रहांच्या कक्षांची माहिती पुसली जाते. उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित करतात. भर दर्यात मोबाइल नेटवर्कची मदत नसते, त्यामुळे रिसीव्हरला साधारण अर्धा मिनिट तरी जागावे लागते. स्मृतीपुरता किंचित प्रवाह राखला, तर ताज्या माहितीवर काही सेकंदांत स्थान मिळते. माझ्या मते अवस्था आखताना पहिला प्रश्न हाच हवा: जागे व्हायला किती वेळ लागेल, आणि जागे करण्याचा हक्क कोणाला? ब्लूटूथला तो द्यायलाच हवा. वादळाचा इशारा त्याच वाटेने येतो.