दोन लक्ष किलोमीटरांची मोटार

मांजरसुंब्याहून केजमार्गे अंबाजोगाईस जाणाऱ्या रस्त्यावर जिच्या दर्शनाने माणसे सहज बाजूस सरतात, ती फॉर्च्युनर दोन लक्ष किलोमीटर धावून आवाक्यातल्या किमतीस आली, म्हणजे भल्याभल्यांचा विवेक डळमळतो. वस्तुतः त्या आकड्याने भ्यावे असे फारसे नाही. कारण इंजिनाची बरीचशी झीज थंड अवस्थेतील प्रारंभी, तेल सर्वत्र पोहोचण्यापूर्वी, होत असल्यामुळे, लांबच्या प्रवासात अखंड चाललेली गाडी गावातल्या गावात फिरलेल्या गाडीहून पुष्कळदा निरोगी निघते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर धूरनळीतील गाळणीत साचलेली काजळी जळण्यास दीर्घ प्रवासाचीच उष्णता लागते. केजच्या बाजारपेठेतील येरझारांत ती कोठून लाभणार?

२००९ साली आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या इंजिनात टायमिंगचा पट्टा होता, २०१६ च्या पिढीत त्याजागी साखळी आली. तेव्हा जुनी घ्यावयाची तर पट्टा बदलल्याची पावती अवश्य मागावी, कारण तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. गाडी पाहावयास पहाटे, शक्यतो अकस्मात जावे. आधीच तापविलेले इंजिन पुष्कळ दोष पोटात घालते. बँकेचा बोजा उतरला आहे काय आणि पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत किती उरली, याची खातरजमा परिवहन दफ्तरी करावी.

हवेच्या फुग्यांवर तोललेली युरोपीय गाडी असेल, तर फुग्यांचे रबर वयोमानानेच तडकते आणि त्याचा जाणता कारागीर तालुक्याच्या गावी सहसा भेटत नाही. मी तरी ती घेणार नाही.