पाण्यावरचा वेग आणि आकाशातील साक्षीदार

रस्त्याने जाणाऱ्या मनुष्यास आपल्या वेगाची कल्पना येते ती रस्त्याच्या कडेच्या वस्तूंवरून. झाडे, खांब, मैलाचे दगड मागे पडत जातात आणि त्यांच्या मागे पडण्याच्या त्वरेवरून मन आपोआप वेगाचा हिशेब मांडीत असते. पाण्यावर अशी एकही खूण नसते. किनारा दूर असेल तर तो जागचा हलत नाहीसा वाटतो. जवळ असेल तर सावकाश चाललेली होडीही धावत असल्याचा भास होतो. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावरील जुना तांडेल वेगाचा आकडा कधी सांगत नसे. भरती कोणत्या घटकेला लागेल, वारा कोणत्या अंगाचा आहे, उधाणाचे दिवस आहेत की भांगाचे, एवढे पाहून तो पोहोचण्याची वेळ सांगे, आणि ती बहुधा खरी ठरे.

शिडांच्या काळात एवढ्यावर भागत होते. आज मात्र पाण्यावरील वेग चार-पाच पटींनी वाढला आहे. तो नेमका मोजणे आणि मोजलेल्या मर्यादेत ठेवणे ही आता केवळ सोयीची गोष्ट राहिलेली नाही; ती जीविताची गोष्ट झाली आहे. उपग्रहांच्या साहाय्याने जेट बोटीचा वेग आपोआप काबूत ठेवणारी यंत्रणा या गरजेतून जन्मास आली. ती कशी चालते, कशी बसवितात आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम जेट बोट म्हणजे काय ते पाहू. सामान्य यांत्रिक बोटीच्या मागे पाण्यात उघडा पंखा फिरत असतो. जेट बोटीत हा पंखा बोटीच्या पोटात, एका नळीत बंदिस्त असतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, पंखा ते जोराने मागे ढकलतो आणि निमुळत्या तोटीतून पाण्याचा झोत बाहेर पडतो. झोत मागे, म्हणून बोट पुढे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात आपल्या देशातील उथळ, खडकाळ नद्यांसाठी या रचनेला व्यवहार्य रूप दिले. १९७७ साली सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून नंदप्रयागाच्या परिसरापर्यंत गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जो प्रवास केला, तो अशाच जेट बोटींतून. आज तटरक्षक दलाच्या वेगवान गस्ती नौकांत हे तत्त्व वापरलेले आढळते, आणि मालवण, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटक ज्या वॉटर स्कूटरवर बसतात तिच्या पोटातही हेच यंत्र असते.

या रचनेचे गुण उघड आहेत. उघडा पंखा नसल्याने पाण्यातील मनुष्यास त्याची इजा होत नाही आणि उथळ पाण्यातही बोट चालते. परंतु तिच्यात एक मर्मस्थानही आहे. बहुतेक जेट बोटींना वेगळे सुकाणू नसते. तोटी डावी-उजवीकडे वळवून झोताची दिशा बदलली की बोट वळते. अर्थात झोत आहे तोवरच दिशा आहे. समोर अडथळा दिसताच घाबरून एखाद्याने इंजिनाचा जोर एकदम काढून घेतला, तर बोट थांबत तर नाहीच, पण वळेनाशीही होते आणि आहे त्याच दिशेने सरकत राहते. हे मर्म पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावयास हवे.

आता वेग मोजण्याचा प्रश्न. पूर्वी जहाजावरून ठराविक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडीत आणि वाळूचे घड्याळ रिते होईपर्यंत किती गाठी हातांतून गेल्या ते मोजीत. ‘नॉट’ या मापाचे नाव त्या गाठींवरूनच पडले. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पुढे बोटीच्या तळाशी छोटे चाक बसवून त्याचे फेरे मोजण्याची पद्धत आली. पण शेवाळ अडकले वा हवेचे बुडबुडे आले की ते चाक खोटे बोलू लागते. दुसरी पद्धत पाण्याचा दाब मोजण्याची. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर वेग असताना तो वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याइतका भरतो. वेग २ मीटरवर आला की त्याच्या पंचविसाव्या हिश्शावर उतरतो. म्हणजे जेथे सावकाश व जपून जावयाचे, नेमके तेथेच हे साधन दुबळे पडते.

इंजिनाच्या फेऱ्यांवरून वेग ताडावा, तर जेट बोटीत तेही फसवे असते. दोन माणसे बसलेली असताना जेवढ्या फेऱ्यांना जेवढा वेग मिळतो, तेवढ्याच फेऱ्यांना आठ माणसे बसल्यावर तो मिळत नाही. लाटेवर बोट उसळून पंख्यात हवा शिरली, तर फेरे एकदम वाढतात आणि जोर मात्र कमी होतो. एकूण, पाण्यालाच वेग विचारून खरे उत्तर मिळत नाही, असा अनुभव आला. तेव्हा तंत्रज्ञांनी आकाशाला विचारावयाचे ठरविले.

जीपीएस उपग्रह भूपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या संदेशलहरींची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर चढा आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता लागतो, हा अनुभव सर्वांना आहे. तद्वत बोट उपग्रहाच्या दिशेने वा उलट दिशेने सरकली की त्या लहरींची कंपनसंख्या किंचित बदलते. सेकंदाला १० मीटर वेग सरळ उपग्रहाच्या दिशेने असेल, तर हा फरक सुमारे ५२ कंपनांचा असतो. मूळ कंपनसंख्या सेकंदाला दीडशे कोटींहून अधिक; त्यातले हे ५२ ओळखून काढावयाचे! किमान चार उपग्रहांपासून मिळालेले असे फरक, त्या उपग्रहांच्या स्वतःच्या गतीचा हिशेब वजा करून, एकत्र जुळविले की बोटीचा वेग व दिशा दोन्ही मिळतात. उघड्या आकाशाखाली चांगल्या ग्राहकयंत्राची चूक सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास राहते.

येथे महादेवपुऱ्याचा संबंध येतो. पूर्व बंगळूरचा हा भाग; समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आणि जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. पण याच भागातील कुंदलहळ्ळी येथे ‘गगन’ या यंत्रणेचे मुख्य नियंत्रण केंद्र आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ही यंत्रणा उभारली. उपग्रहांचे संदेश खाली येताना वातावरणाच्या विद्युद्भारित थरांतून येतात, आणि विषुववृत्ताजवळच्या भारतासारख्या देशावर हे थर विशेष चंचल असतात. त्यामुळे स्थाननिश्चितीत मीटरच्या मीटर चूक येऊ शकते. देशभर ठिकठिकाणी उभारलेली संदर्भकेंद्रे स्वतःचे अचूक स्थान जाणत असल्याने ही चूक मोजू शकतात. ती मोजमापे नियंत्रण केंद्रात गोळा होतात, दुरुस्तीचा संदेश तयार होतो आणि तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहांकडे पाठवून तेथून सर्व देशावर प्रक्षेपित केला जातो. ही योजना मुख्यतः विमानांसाठी. २०१३च्या डिसेंबरात आणि पुढे २०१५ साली तिला विमानमार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली. तथापि समुद्रावरील मनुष्यही तिचा लाभ घेऊ शकतो. खोल समुद्रात मोबाइलची लहर पोहोचत नाही, तेथे मच्छीमारांना वादळाच्या सूचना देण्यासाठी २०१९ साली आणलेले ‘जेमिनी’ हे उपकरण याच उपग्रहांकडून संदेश घेते. जेथे बोट दृष्टीस पडत नाही, अशा पठारावरून बोटीला तिचे ठिकाण अधिक अचूक कळविले जावे, हा या युगाचा एक मनोज्ञ विपर्यास आहे.

मात्र एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गगनची दुरुस्ती मुख्यत्वे स्थानाच्या अचूकतेसाठी आहे. वेगाचे मोजमाप कंपनांच्या फरकावरून होत असल्याने ते या दुरुस्तीवाचूनही बरेच अचूक असते. धक्क्यापासून अमुक अंतरात आल्यावर वेग उतरवावा, अशी मर्यादा यंत्रात घालावयाची असेल, तेव्हा मात्र स्थानाचे महत्त्व वाढते.

वेग कळला, आता तो राखावयाचा. हे तत्त्व जुने आहे. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. लहानपणीच अंध झालेले अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांनी मोटारीसाठी वेगनियंत्रक योजून १९५० साली त्याचे पेटंट मिळविले. बोटीतील यंत्रही तोच हिशेब करते. चालकाने ठरविलेला वेग आणि उपग्रहांवरून कळलेला वेग यांतील अंतर पाहून ते इंजिनाचा जोर थोडा वाढविते वा घटविते. वॉटर-स्कीइंगच्या खेळात याची कसोटी लागते. तेथील स्लॅलम मार्ग २५९ मीटरांचा असतो. ताशी ५८ किलोमीटर वेगाने तो सुमारे १६ सेकंदांत संपतो. मागे दोराला धरलेला खेळाडू वळणे घेत बोटीस ओढीत असतो, आणि तरीही वेग ढळता कामा नये.

येथे मोजमापाची वारंवारता महत्त्वाची ठरते. या वेगाने बोट एका सेकंदात १६ मीटर जाते. ग्राहकयंत्र सेकंदातून एकदाच वेग सांगत असेल, तर ती बातमी कळेतो शिळी झालेली असते. दहा वेळा सांगणारे असेल, तर दोन बातम्यांच्या मध्ये बोट दीड मीटरच्या आसपास जाते. दुसरी अडचण बोटीच्या स्वभावाची. सावकाश चालताना बोट पाणी कापीत जाते. ठराविक वेगानंतर ती पाण्यावर चढून सरकू लागते. या दोन अवस्थांच्या मध्ये नाळ वर उचलली जाते, पाण्याचा विरोध वाढतो आणि यंत्र जोर वाढवीत राहते. मग बोट एकदम पाण्यावर चढते आणि वेग नको तेवढा उसळतो. चांगल्या यंत्रात या उसळीला आवर घालण्याची आणि इंजिनाच्या फेऱ्यांना वरची मर्यादा ठेवण्याची सोय असते.

बसविण्याचे काम हे निम्म्याहून अधिक सावधगिरीचे काम होय. आकाशलहरी टिपणारा अँटेना उघड्यावर, धातूच्या छपरापासून व रेडिओच्या अँटेनापासून दूर असावा. कापडी किंवा फायबरच्या छताचा अडथळा सहसा होत नाही. वीज स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी व सर्व सांधे खाऱ्या हवेपासून झाकावेत. जोर कमी-जास्त करणारी केबल यंत्राने ओढली तरी चालकाच्या हाताने ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. चालकाच्या मनगटाला वा जॅकेटला बांधलेली, तो पडताच इंजिन बंद करणारी दोरी या यंत्रणेमुळे कधीही निकामी होऊ नये. मग शांत जलाशयात, माणसे न घेता, प्रथम मंद वेगावर चाचणी घ्यावी. किनाऱ्यावर ५०० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. ताशी ३६ किलोमीटर वेग लावला असता हे अंतर ५० सेकंदांत संपले पाहिजे. जाता-येता दोन्ही वेळा घड्याळ लावावे.

वापरताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, हे यंत्र जमिनीच्या संदर्भातला वेग सांगते, पाण्याच्या संदर्भातला नव्हे. खाडीला ताशी ४ किलोमीटर ओढ असेल आणि यंत्रावर १८ लावले असतील, तर ओढीविरुद्ध जाताना बोट पाण्यातून २२च्या वेगाने झुंजत असते, आणि ओढीबरोबर येताना केवळ १४च्या. आकडा तोच, पण लाटांचा मार, इंधनाचा खर्च आणि बोट वळविण्याची सुलभता निराळी. तांडेलाचे भरती-ओहोटीचे ज्ञान येथे आजही कामास येते.

दुसरी गोष्ट पूर्वी सांगितलेल्या मर्माशी निगडित आहे. पुलाखाली किंवा अन्य कारणाने उपग्रहांचा संदेश तुटला, तर यंत्राने काय करावे? जोर वाढविणे तर घातकच. पण तो एकदम काढून घेणेही जेट बोटीत घातक, कारण झोताबरोबर दिशाही जाते. म्हणून आहे तोच जोर क्षणभर राखून, चालकास इशारा देऊन, ताबा त्याच्या हाती सोपविणे हाच योग्य मार्ग. घेणाऱ्याने यंत्र निवडताना किमतीच्या आधी हा प्रश्न विचारावा. गर्दीच्या धक्क्याजवळ, पोहणाऱ्यांमध्ये वा उसळत्या लाटांत हे यंत्र लावूच नये.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. उपग्रहाच्या यंत्राने तो अपघात टळला असता, असे म्हणता येणार नाही. पण त्या दुपारने एक गोष्ट सर्वांना शिकविली: पाण्यावर वेग किती आहे याइतकाच, तो कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आकाशातील साक्षीदार वेगाचा आकडा खरा सांगेल. समोर माणसांनी भरलेली बोट आहे, हे तो सांगणार नाही. ते पाहावयाचे काम तांडेलाच्या डोळ्यांचे होते, आणि आजही ते त्याच जागेवर बसलेल्या मनुष्याचे आहे.